मुंब्र्याच्या पोराला परदेशात फुटबॉल कोच होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा २४ वर्षांचा, राहणार मुंब्रा, कोकणी मुसलमान, गाव म्हसळ्याच्या बाजूला. दोन वर्षं एका टर्फवर लहान मुलांना शिकवतोय, मागच्या वर्षी एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स झालं. फुटबॉल कोच म्हणून बाहेरच्या देशात करिअर करायचंय. त्याचे शब्द: "खालिद जमील भारताचा कोच झाला म्हणजे आपल्यालाही चान्स आहे ना? की आपल्या नावाने इथे काही होणार नाही, सरळ गल्फ गाठावं? आणि इंटरव्ह्यूला दाढी काढून जावं का?" घरचे म्हणतायत एसीचं काम शीक आणि दोह्याला मामाकडे जा.

मी या धंद्यात २८ वर्षं आहे. शाळा, मुंबईतल्या लीगच्या खालच्या डिव्हिजनमधले क्लब, मग नऊ वर्षं मस्कतला एका अकादमीत, आणि आता परत इथेच. मीही कोकणी मुसलमान, आमचं गाव श्रीवर्धनजवळ. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, चालवून घे.

तू तीन प्रश्न विचारलेस, पण मला त्यांच्या मागे एकच दिसतोय. आपल्या नावाच्या माणसाला संधी देतात का, हे तुला विचारायचंय. माझा अनुभव सांगतो, पहिली संधी मिळते. मुंबईत पोरांना शिकवायला कोच कमी आहेत, पगार त्याहून कमी, त्यामुळे जो येईल त्याला घेतात. घोडं अडतं ते दुसऱ्या संधीला. एकदा हरलास की परत कोण उभं करणार, इथे नाव आणि ओळख आडवी येते.

माझंच घे. मध्य मुंबईतल्या एका शाळेची १४ वर्षांखालची टीम माझ्याकडे होती. आझाद मैदानावर एमएसएसएची (मुंबईतल्या शाळांची क्रीडा संघटना) आंतरशालेय मॅच, सेमीफायनल, आम्ही टायब्रेकरवर हरलो. पुढच्या जूनला मला सांगितलं, यंदा दुसऱ्या सरांना बघतोय. माझ्या आधीचे सर तीन वर्षं पहिल्या राउंडला बाहेर पडत होते आणि तरी टिकले होते. ते कमिटीतल्या एकाचे वर्गमित्र होते, त्यांच्या हरण्याला कारणं सापडायची: पाऊस, रेफरी, परीक्षा. माझ्या हरण्याला कारण मीच होतो. धर्माचा 'ध'सुद्धा कोणी काढला नाही, आणि काढला असेल असं मी छातीठोकपणे म्हणणारही नाही. पण माझ्यासाठी चार शब्द बोलेल असं त्या खोलीत कोणी नव्हतं. अल्पसंख्य असण्याचा रोजच्या धंद्यातला अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. शिवी क्वचित ऐकू येते, आपली बाजू घेणारा माणूस मात्र खोलीत नसतो.

आता खालिदभाईंचं. त्यांचं नाव सगळे घेतात, पण त्यांचा रस्ता कोणी नीट बघत नाही. २००९ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, दुखापतीने खेळणं थांबवलं आणि ते मुंबई एफसीचे कोच झाले. त्याच्या आधी खेळाडू म्हणून कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांची ऑफर त्यांनी नाकारली होती, कारण जर्सीवर दारूच्या कंपनीचं नाव होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. महिंद्रा आणि एअर इंडिया, म्हणजे आपल्या मुंबईतच राहिले. कोच म्हणून मुंबई एफसीत सात सीझन काढले. टीम वर कधी चढली नाही, खाली कधी पडली नाही, पैसे बेताचे. २०१६ मध्ये ते संपलं. मग कुठे गेले? मिझोरामच्या ऐझॉलला. जो क्लब आदल्या सीझनला रेलिगेट झाला होता, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलला गेला होता, आणि गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून परत घेतला गेला, तिथे. आणि २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे देशाची लीग, जिंकली. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला गेली, पुढे बंदच पडली.

गोष्ट इथे संपवून लोक टाळ्या वाजवतात. पुढचं बघ. ईस्ट बंगालला एक सीझन, मोहन बागानला अर्धा, दोन्हीकडे मनासारखं झालं नाही. चॅम्पियन कोच मग नॉर्थईस्ट युनायटेडला असिस्टंट म्हणून गेला. २०२१ च्या जानेवारीत हेड कोचला काढलं, टीम यांच्या हातात आली आणि ती प्लेऑफला नेली. त्यानंतर ते आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) पहिले कायम नेमलेले भारतीय हेड कोच झाले. आयएसएल सुरू झाली २०१४ ला. म्हणजे पहिले सात सीझन आपल्याच लीगमध्ये भारतीय कोच हाच अल्पसंख्य होता, त्याचा धर्म विचारण्यापर्यंत गाडी जातच नव्हती. भारताची टीम मिळाली ऑगस्ट २०२५ मध्ये, वय ४८. सोळा वर्षं मोज. त्यांना धर्म आडवा आला असं मी म्हणत नाही, ते त्यांनाच ठाऊक. मी एवढंच दाखवतोय की पडल्यावर दर वेळी ते अशा जागी गेले जिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

हाच प्रकार जगभर दिसतो. बेला गुटमन हे नाव ऐकलंयस का? बुडापेस्टचा ज्यू, दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या मजुरीच्या छावणीतून पळून वाचला, घरची माणसं त्यात गेली. नंतर हंगेरी, रुमानिया, इटली, अर्जेंटिना, सायप्रस, ब्राझील असं हिंडत पोर्तुगालला पोचला आणि बेन्फिकाला १९६१ आणि १९६२ असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिले. पहिल्या फायनलला बार्सिलोना, दुसऱ्याला रेआल माद्रिद. मग पैशावरून वाजलं आणि तो निघून गेला. बेन्फिका पुढची शंभर वर्षं युरोपचा कप जिंकणार नाही, हा त्याच्या नावावरचा 'शाप' तेवढा लोकांना आठवतो. मला त्याची बॅग आठवते, जी कधी पूर्ण उघडलीच नसावी. हा माणूस कुठेही तिसऱ्या वर्षापलीकडे टिकायला तयार नसायचा. ज्याला घरातून हुसकावलंय तो नोकरीत मुळं धरायला घाबरतो, असं मला आपलं वाटतं. मस्कतला पहिली दोन वर्षं मीसुद्धा पंखा विकत घेतला नव्हता.

इंग्लंडमधला कोच ख्रिस ह्यूटन, त्याचं तर अगदी जवळचं उदाहरण. वडील घानाचे, आई आयरिश, जन्म लंडनचा, खेळला आयर्लंडकडून. न्यूकॅसलला त्याने प्रीमियर लीगमध्ये परत आणलं आणि २०१० च्या डिसेंबरात, टीम टेबलाच्या मध्यावर असताना, त्याला काढलं. पुढची नोकरी मिळाली ती एक डिव्हिजन खाली, बर्मिंगहॅमला. मग नॉर्विच, मग ब्रायटन. ब्रायटनला २०१७ मध्ये वर आणलं, दोन सीझन वर ठेवलं, आणि २०१९ ला तिथूनही नारळ. वडिलांच्या देशाची, घानाची टीम मिळाली २०२३ ला, तीही वर्षभरच. त्याच्याइतका सभ्य माणूस या धंद्यात विरळा असं सगळे म्हणतात, पण सभ्यपणावर करार वाढत नाही. इंग्लंडमध्ये आता कोच नेमताना अल्पसंख्य समाजातल्या निदान एका पात्र उमेदवाराची मुलाखत घ्या असा नियम काही ठिकाणी केलाय, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधून उचललेला. बरं आहे. पण तो मुलाखतीपुरता. दुसऱ्या संधीसाठी नियम कुठेच नाही.

आणि आपले रहीमसाहेब! हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ ची एशियन गेम्सची सुवर्णपदकं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचा खेळाडू. बांद्र्याच्या ग्राउंडला त्याचंच नाव आहे, कधीतरी गेला असशील. रहीमसाहेब हैदराबादेत ड्रिबल न करता खेळायच्या स्पर्धा घ्यायचे, म्हणजे बॉल आला की लगेच विचार करून द्यायचा. आज आपण रोंडो (गोलात उभं राहून झटपट पास द्यायचा सराव) म्हणून जे मिरवतो त्याचीच ही जुनी बहीण. तुझ्या टर्फवर एक दिवस घेऊन बघ, पोरं पहिली दहा मिनिटं शिव्या घालतील.

तर इथे राहू की जाऊ? हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तू लिहिलेल्या नाहीत. ग्रॅज्युएशन झालंय का? घर तुझ्या पैशावर चालतं का? पुढची तीन वर्षं महिन्याला जेमतेम कमाई चालेल का? घर तुझ्यावर असेल तर एसीचं काम शीक. मी चेष्टा करत नाहीये. सकाळी एसी आणि संध्याकाळी ग्राउंड, हे जमतं. मस्कतमध्ये माझ्यासोबतचा एक केरळचा कोच दुपारपर्यंत गोडाऊनमध्ये हिशेब लिहायचा. घर थोडंफार सांभाळून घेणार असेल, तर आज जाऊ नकोस. डी लायसन्स हे एआयएफएफचं देशापुरतं पहिलं पाऊल. बाहेर मोजायला सुरुवात होते एएफसीच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या, सी पासून, मग बी, ए आणि प्रो. ओमान, कतार, सौदी, अमिराती (यूएई) हे सगळे एएफसीतच आहेत, जपान आणि ऑस्ट्रेलियाही. म्हणजे मुंबईत बसून केलेलं सी लायसन्स तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. युरोपचं खातं वेगळं, तिथे यूएफाचं लायसन्स चालतं. तू युरोपचं स्वप्न बघत असशील तर आधी गल्फ किंवा आग्नेय आशिया असा विचार कर.

लायसन्सपेक्षाही कामाला येतं ते रेकॉर्ड. रेकॉर्ड म्हणजे कप नव्हे. एक टीम सलग तीन सीझन हातात ठेव. तीच पोरं, शक्यतो १२ किंवा १४ वर्षांखालची, आणि त्यांना लीगमध्ये उतरव. टर्फवर तासाच्या हिशेबाने येणारी पोरं रेकॉर्डमध्ये धरत नाहीत, ती महिन्याला बदलतात. प्रत्येक सेशनची वही ठेव: तारीख, किती पोरं आली, जागा किती पावलांची, काय करायचं ठरवलं होतं आणि काय फिसकटलं. पावसाळ्यात ग्राउंड तुंबलं म्हणून शाळेच्या पॅसेजमध्ये काय घेतलं, तेही लिही. रमजानमध्ये मुंब्र्यातलं सेशन इफ्तारनंतर लावतोस ना? ते का, कसं, पोरांच्या झोपेचं काय केलंस, सगळं लिही. गल्फमधल्या अकादमीला हे वाचून जेवढा आनंद होईल तेवढा तुझ्या ट्रॉफीच्या फोटोने होणार नाही. फोनवर एक बारा मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेव, न कापलेला, ज्यात तुझा आवाज ऐकू येतो. गाणं लावलेला व्हिडिओ कोणी बघत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मस्कतला माझी प्रॅक्टिकल मुलाखत होती: १६ पोरं, अर्धं ग्राउंड, २० मिनिटं. संध्याकाळी सहा वाजले तरी जमीन तव्यासारखी. मी मुंबईच्या सवयीने कोनच्या दोन सरळ रांगा लावल्या, शिट्टी, पासिंग, धावत रांगेच्या मागे. बघायला एकदम शिस्तीत. टेक्निकल डायरेक्टर बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभा. संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, लाल बिबवाल्या (जर्सीवर घालायचं बनियन) मुलाचा पाय बॉलला किती वेळा लागला? मला काय माहीत! तो म्हणाला, वीस मिनिटांत सात वेळा. बाकीचा वेळ तो रांगेत उभा होता.

माझं तोंड बघून असेल किंवा माझ्या वह्या चाळून झाल्या होत्या म्हणून असेल, तो म्हणाला उद्या परत ये. मी तीन सीझनच्या तीन वह्या बरोबर नेल्या होत्या, मराठीत लिहिलेल्या, त्याला फक्त आकृत्या कळत होत्या. त्या रात्री हॉटेलच्या लाँड्रीच्या कागदावर मी सेशन नव्याने मांडलं. चार छोटी मैदानं, दोन-दोनच्या मॅचेस, बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा, रांग कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टी खिशातच ठेवली. नोकरी मिळाली, पण १२ वर्षांखालचा हेड कोच म्हणून नव्हे, १० वर्षांखालच्यांचा असिस्टंट म्हणून. घेतली. दुसरी संधी आयुष्यात मला एवढ्या सरळपणे एकदाच मिळालीय, आणि ती त्या वह्यांनी मिळवून दिली असं मी धरून चालतो.

गल्फमध्ये आपलं नाव हा प्रश्न उरत नाही, असं तुला वाटत असेल. खरंय, तिथे नमाजची वेळ कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण तिथे पासपोर्ट आडवा येतो. तेच काम करणाऱ्या युरोपियन कोचला जास्त पगार, घरभत्ता, मोठ्या वयाची टीम. आपल्याला लहान पोरं आणि कंपनीची व्हॅन. पालकांनाही गोरा कोच हवा असतो, आपले भारतीय पालक तर त्यात सगळ्यात पुढे! इथे मी मुसलमान होतो, तिथे 'हिंदी', म्हणजे अरबीत भारतीय, झालो. अल्पसंख्यपण विमानतळावर सोडता येत नाही, फक्त त्याचा शिक्का बदलतो. हे आधीच माहीत असलं की पहिल्या वर्षी जीव कडू होत नाही. भाषेचं म्हणशील तर अकादमीत इंग्रजी चालते, पण यमीन (उजवीकडे), यसार (डावीकडे) असे चाळीस-पन्नास अरबी शब्द घोकून जा. स्थानिक पोरगा त्याच्या भाषेत 'उजवीकडे' ऐकतो तेव्हा दुसऱ्याच नजरेने बघतो.

कागदांचं पटकन. व्हिसावर हुद्दा काय लिहिलाय ते स्वतः वाच. कोच म्हणून नेतो सांगून व्हिसावर हेल्पर किंवा क्लीनर लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे भांडण झालं तर कागदावर जे असेल तेच धरलं जातं. एजंट सरकारकडे नोंदणी झालेला असेल तर त्याला फी म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. जो दीड लाख मागतो त्याला मामाचा सल्ला घेतो सांग आणि निघ. डिग्रीचं अटेस्टेशन आणि पोलीस क्लिअरन्स वेळखाऊ असतात, नोकरी ठरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच सुरू कर. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच हवं. आपल्यात शेख, मोहम्मद, वडिलांचं नाव, गावाचं आडनाव यांचा जो घोळ असतो, तो सी चा फॉर्म भरायच्या आधी निस्तर. माझ्या एका कागदावर आडनाव गावाचं होतं, दुसऱ्यावर नव्हतंच, आणि त्यात माझे चार महिने गेले.

म्हणजे तुझ्यापुरता हिशेब असा: सी करायचं, मुंब्र्यातली एक टीम तीन सीझन धरायची, वह्या, मग २७-२८ व्या वर्षी बाहेर, आणि तेही खालच्या जागेवर जायची तयारी ठेवून. आणखी एक काम यात बसव. तुझ्यासाठी बोलणारा एक माणूस तयार कर. डीच्या कोर्सला जे इन्स्ट्रक्टर होते त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी एक सेशन पाठव आणि चूक विचार. नोकरी मागू नको. खोलीत कोणी नसणं हा आपला खरा तोटा आहे म्हटलं ना, तर माणूस आधीच नेऊन बसवावा लागतो.

दाढीचं शेवटी ठेवलं होतं. राहू दे. नीट कापून घे, एवढंच. त्या सेमीफायनलनंतर दुसऱ्या एका शाळेच्या मुलाखतीला जाताना मी माझी काढली होती. सकाळी साडेसहाला भायखळ्याला न्हाव्याकडे बसलो, तोही विचारत होता, काय झालं, लग्न ठरलं की काय? मुलाखतीत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हाताखाली टीम किती वर्षं होती आणि काही लिहून ठेवलंय का. नव्हतं. घरी आलो तर आईने दार उघडलं, मला ओळखलं आणि हसत सुटली. आठवडाभर हसत होती.